सिमेंटला किती तास दिले, तेही छापा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत समुद्रातल्या तेलविहिरींवर लेख आला होता. फोटो उत्तम होते. रिगचे रोजचे भाडे किती, खोदाई ठरल्यापेक्षा किती दिवस आधी आटोपली, असा सगळा तपशील होता. सिमेंटच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले. पोलादी पाइपाच्या बाहेरून सिमेंट भरून विहीर पक्की करतात आणि तेल संपले की पुन्हा सिमेंट भरूनच ती बंद करतात, एवढेच. माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यात झाली, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री लावा, पण मेक्सिकोच्या आखातातल्या आणि आसामातल्या बागजानच्या दुर्घटनांचा भाग तेवढा ठेवा.

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. समुद्रातल्या विहिरींना सिमेंटिंगची सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत होते. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिथल्या बऱ्याच घरांशी अजून दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाण आहे. रिगवरची मंडळी जुहूच्या हेलिबेसवरून हेलिकॉप्टरने जायची, चौदा दिवस कामावर आणि चौदा दिवस घरी. आम्ही प्रयोगशाळेतले पनवेलहून बसने जायचो, आणि रिगवरून फोन आला की रात्रीही जायचो. रिग मी फोटोतच जास्त पाहिली. पण तिथल्या पंपात जाणारी सिमेंट-पाण्याची प्रत्येक स्लरी आधी आमच्या टेबलावर घोटली जायची, आणि अहवालाखाली सही आमची असायची.

विहीर म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच भोक नव्हे. थोडे खोदायचे, केसिंग, म्हणजे पोलादी पाइप, उतरवायचे, ते सिमेंटने जखडायचे आणि मग त्याच्या आतून लहान बिटने पुढे खोदायचे. हे सिमेंट वरून ओतत नाहीत. ते केसिंगच्या पोटातून पंपाने खाली ढकलतात. तळाशी पोचले की ते बाहेर पडते आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून वर चढते. ड्रिलिंगचा चिखल, म्हणजे मड, त्यात मिसळू नये म्हणून पुढे एक आणि मागे एक रबरी प्लग सोडतात. ही युक्ती शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात निघाली आणि अजून तीच चालते. फट नीट भरली तर वायू, तेल आणि खारे पाणी आपापल्या थरात राहतात. केसिंग एका बाजूला टेकलेले राहिले तर त्या बाजूचा मड तसाच अडकून बसतो आणि वायूला वर यायला वाट मिळते. म्हणून केसिंग मधोमध धरायला त्यावर सेंट्रलायझर बसवतात. हे सगळे घडते दोन-तीन किलोमीटर खाली, जिथे कुणाची नजर पोचत नाही.

बिल्डरची गोणी इथे चालत नाही. तेलविहिरीच्या सिमेंटला आपले भारतीय मानक आहे, आयएस ८२२९. जगभर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे ए, जी, एच असे अक्षरी वर्ग चालतात. आमच्याकडे यायचे ते बहुतेक क्लास जी. दळताना त्यात जिप्सम सोडून सहसा दुसरे काही घालत नाहीत, कारण पुढे जे काय घालायचे ते विहीर पाहून आम्हाला घालायचे असते. शंभर किलो सिमेंटला ४४ लिटर पाणी हे त्याचे ठरलेले प्रमाण, आणि ती स्लरी पाण्याच्या सुमारे १.९ पट जड. ५२ अंश सेल्सियसच्या प्रमाणित चाचणीत ती ९० ते १२० मिनिटांत दाटायला हवी. त्याआधी नको आणि त्यानंतरही नको.

विहिरीतले काम मात्र चार-चार, सहा-सहा तास चालते. पंप मध्येच बंद पडला तर त्यासाठी हाताशी वेळ ठेवावा लागतो तो वेगळा. तळाचे तापमान शंभराच्या पुढे गेलेले असते. नुसते सिमेंट पाठवले तर ते केसिंगच्या आतच आवळेल आणि कोट्यवधींची विहीर बुजेल. इथून रसायनांचे काम सुरू होते.

रिटार्डर सिमेंटचे आवळणे लांबवतो. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना निघणारे लिग्नोसल्फोनेट हा त्यातला जुना भिडू. कॅल्शियम क्लोराइड याच्या उलट, आवळायची घाई करणारे. समुद्रतळाजवळच्या थंड भागातल्या केसिंगला ते उपयोगी. मीठ दोन्हीकडून बोलते. थोडे घातले तर सिमेंट लवकर आवळते, पाणी मिठाने भरून टाकले तर उशिरा. रिगवरून हमखास विचारणा व्हायची, ‘मॅडम, गोडं पाणी कमी पडतंय, सी-वॉटरने केलं तर चालेल का?’ चालते, पण मग सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागते, आणि ते ऐकायला पलीकडे कुणी थांबलेले नसायचे.

खडक स्लरीतले पाणी पिऊन टाकतो. साध्या सिमेंटमधून चाचणीत अर्ध्या तासात हजार मिलिलिटरहून जास्त पाणी निघते. वायूच्या थरासमोर आम्हाला ते पन्नासच्या आत हवे असते. त्यासाठी पॉलिमर घालायचा. पॉलिमरने स्लरी दाट होते, पंपाला ओढवत नाही, म्हणून पातळ करायला डिस्पर्संट. डिस्पर्संट जास्त झाला की पाणी वर सुटते आणि कण तळाला बसतात. शिवाय तो रिटार्डरला आतून हात देतो, म्हणजे वेळ पुन्हा मोजा. तापमान ११० अंशांपुढे गेले की घट्ट झालेले सिमेंट हळूहळू पुन्हा दुबळे होऊ लागते, म्हणून त्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिकाची पूड. मुंबई हायचा चुनखडक भेगाळ आणि सच्छिद्र आहे, जड स्लरी त्यात शिरून नाहीशी होते. तिथे बेंटोनाइट, सोडियम सिलिकेट किंवा पोकळ सूक्ष्म गोळे घालून ती हलकी करायची. पूर्वेला कृष्णा-गोदावरी खोऱ्यात काही विहिरींत दाब इतका की उलट हेमटाइट घालून जड करायची. एक बदलले की बाकीच्या चौघांचा हिशेब बदलतो. बाहेरच्यांना हे सगळे ‘सिमेंटमध्ये केमिकल टाकतात’ एवढ्यात आटोपल्यासारखे वाटते, आणि ज्यांच्याकडे खर्चाच्या कागदावर सही करायचे काम असते त्यांनाही बहुधा तसेच वाटते.

सगळ्यांत नाजूक वेळ पंप थांबल्यानंतरची. स्लरी पातळ असते तोवर तिचे वजनच खालच्या वायूला दाबून धरते. पुरती घट्ट झाली की ती स्वतः भिंत होते. मधला काही काळ मात्र ती खरवसासारखी थिजलेली असते. वजन खाली पोचवत नाही आणि वायूला अडवण्याइतकी ताकदही अजून आलेली नसते. त्या काळात वायूने एकदा बारीक वाट काढली की सिमेंट त्या वाटेसकट घट्ट होते, आणि ती पुढे कायमची राहते. लॅटेक्स आणि मायक्रोसिलिका हा मधला काळ सांभाळायला घालतात. म्हणजे सिमेंट ‘कधी’ घट्ट होते याइतकेच ‘किती झटकन’ घट्ट होते यालाही महत्त्व आहे, आणि दोन्ही गोष्टी कळायला चाचणी संपेपर्यंत थांबण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

चाचणी कशी असते तेही सांगते, कारण लेखात प्रयोगशाळेचा उल्लेखच नव्हता. निव्वळ क्लास जीची ठरलेली मापे म्हणजे ७९२ ग्रॅम सिमेंट आणि ३४९ ग्रॅम पाणी. ब्लेंडरमध्ये आधी मिनिटाला ४००० फेऱ्यांवर १५ सेकंदांत सगळे सिमेंट आत घालायचे, मग १२,००० फेऱ्यांवर ३५ सेकंद. ती स्लरी दाटपणा मोजणाऱ्या कन्सिस्टोमीटरच्या कपात भरायची. तो कप फिरत राहतो आणि स्लरी विहिरीत जसजशी खाली जाईल तसतसे तापमान आणि दाब आपण चढवत जायचे. दाटपणाचा आलेख बराच वेळ आडवा चालतो आणि मग एकदम उठतो. दुसरीकडे क्युरिंग चेंबरमध्ये क्यूब ठेवायचे आणि ठरावीक तासांनी फोडून ताकद बघायची. पाच तासांच्या स्लरीला चाचणीतही पाच तास लागतात. हे वाक्य मी फोनवर किती जणांना ऐकवले असेल, गणती नाही.

नमुना खरा हवा, हीच यातली खरी गोम. सायलोत, म्हणजे साठवणीच्या टाकीत, असलेले तेच सिमेंट, रिगवर गेलेल्या त्याच ड्रममधले रसायन, तिथल्याच टाकीतले पाणी. क्लास जी कागदावर सगळे सारखे, पण दोन कारखान्यांचा माल एकाच रिटार्डरला वेगवेगळा वागतो. कधी कधी एकाच कारखान्याचा दोन वेळचा मालही. पावसाळ्यात सायलोत पडून राहिलेले सिमेंट दमट हवा खाते आणि त्याची वेळ बदलते.

एकदा रिगवरून पाण्याचा नमुना थंड पेयाच्या प्लास्टिक बाटलीतून आला. त्या पाण्याने केलेली स्लरी दुसऱ्या दिवशी सकाळीही आवळेना. क्यूबच्या साच्यात बोट रुतत होते. आधी संशय रिटार्डरवर, मग वजनकाट्यावर, मग आमच्यापैकी ज्याने रात्रपाळी केली त्याच्यावर. शेवटी एकाने बाटलीचे झाकण उघडून वास घेतला. संत्र्याचा होता. साखर ही सिमेंटची जुनी वैरीण. परत आलेली स्लरी टाक्यांत आवळू नये म्हणून रिगवर साखरेची पोती मुद्दाम ठेवतात. बाटलीच्या तळाशी राहिलेला अंशही इथे पुरला. धुतलेल्या कॅनमधून नवा नमुना मागवला आणि चाचणी ठीक आली. तोवर रिग थांबली होती, आणि फोनवर जी भाषा ऐकली ती छापण्याजोगी नाही. पण खुद्द रिगवरच्या टाकीत तसे काही गेलेले असते तर? पाण्याचा नमुना पाठवा म्हणून आमची पिरपिर असायची ती यासाठी.

दुसरा प्रसंग लहान आहे. निकाल यायचा होता, कप फिरत होता, आणि रिगवर पंप सुरूही झाला होता. वरिष्ठांचा निरोप असा, की मागच्या विहिरीला हीच रेसिपी होती, चालवून घ्या. काही बिघडले नाही. विहीर आजही ठीक असावी. संध्याकाळी अभिनंदनाचा मेल आला आणि त्यात माझेही नाव होते. त्या मेलचा मला आलेला राग अजून गेलेला नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि त्यामुळेच ती रीत होऊन बसते.

कधीतरी मात्र होते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो या विहिरीवर डीपवॉटर होरायझन रिगचा स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि ८७ दिवस समुद्रात तेल वाहत होते. बातम्यांत सगळा भर समुद्रतळावरच्या न मिटलेल्या बीओपीवर, म्हणजे विहीर उसळली तर तिचे तोंड बंद करणाऱ्या झडपांवर, होता. सुरुवात सिमेंटपासून होती. विहीर बीपी या तेलकंपनीची, सिमेंटिंग हॅलिबर्टन या कंपनीचे. नायट्रोजनचे बुडबुडे मिसळून हलकी केलेली, फेसाळ स्लरी वापरायचे ठरले होते. अशा स्लरीत बुडबुडे शेवटपर्यंत टिकले पाहिजेत. फुटले तर सिमेंटच्या जागी पोकळ्या राहतात. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने कागदपत्रे तपासली तेव्हा दिसले, की फेब्रुवारीतल्या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत हा फेस टिकत नव्हता. एका चाचणीचे आकडे मार्चमध्ये बीपीला पाठवलेही होते. एप्रिलच्या मध्यावरची चाचणीही नापास. शेवटची चाचणी चांगली आली, पण तिचा निकाल सिमेंट पंप होण्याआधी बीपीच्या हाती नव्हता आणि खुद्द हॅलिबर्टनच्या तरी होता की नाही, याचीही आयोगाला खात्री देता आली नाही. आयोगाने नंतर शेव्हरॉनच्या प्रयोगशाळेकडून तसेच मिश्रण करून बघितले. नऊ चाचण्यांत एकदाही स्थिर फेस जमला नाही.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती चाचणी करणारी कुणी मुलगी किंवा मुलगा होता. त्यांनी काम चोख केले होते. फेस टिकत नाही असे लिहिलेही होते. ते कागद कुठल्या तरी मेलला जोडून पुढे गेले आणि कुणी उघडून पाहिले की नाही, देव जाणे.

पुढचे तर आणखी. केसिंगला २१ सेंट्रलायझर हवेत असे गणिताने सांगितले असताना सहाच बसवले. सिमेंट नीट बसले का ते ध्वनिलहरींनी बघणारी बाँड लॉग चाचणी करायला श्लुंबर्जे या कंपनीची माणसे रिगवर येऊन थांबली होती, त्यांना स्फोटाच्याच दिवशी सकाळी परत पाठवले. ती चाचणी सुमारे १ लाख २८ हजार डॉलरची आणि नऊ ते बारा तासांची होती. रिगचे भाडे दिवसाला सुमारे ५ लाख डॉलर. पुढे बीपीचा या दुर्घटनेवरचा खर्च ६५ अब्ज डॉलरच्या घरात गेला. सेंट्रलायझर कमी-जास्त केल्याने काय फरक पडला असता, याची संगणकावरची गणिते दुर्घटनेनंतर नष्ट केल्याचा गुन्हा हॅलिबर्टनने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केला. निव्वळ रसायनाने तो अपघात झाला असे मी म्हणत नाही. दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, वर झडपाही चालल्या नाहीत. पण तळाचे सिमेंट टिकले असते तर बाकीच्यांच्या चुका पोटात गेल्या असत्या.

मॅकोंडोच्या आदल्या वर्षीची माँटारा आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर समुद्रात २१ ऑगस्ट २००९ ला विहीर फुटली आणि ७४ दिवस गळत राहिली. चौकशीत निघाले, की केसिंगच्या तळाचे सिमेंट काम करतानाच बिघडले होते, त्याची खूण त्याच वेळी दिसली होती आणि पुढे त्यावर नीट चाचणी न घेताच विश्वास टाकला गेला. तेल पसरले त्या बाजूला इंडोनेशियातल्या रोते बेटाकडचे समुद्री शेवाळाची शेती करणारे लोक होते. पंधरा हजारांहून अधिक शेतकरी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात लढले आणि १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली ती २०२२ मध्ये. करंजा, मोरा, ससून डॉकच्या आपल्या मच्छीमारांनी हा आकडा नाही, पण वर्षे मोजून ठेवावीत. प्लॅटफॉर्मभोवतीच्या ५०० मीटरच्या बंद क्षेत्रात जाळे टाकता येत नाही, हे त्यांना पाठ आहे. त्या वर्तुळाच्या मध्याखाली काय आणि कसे भरले आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

आणि बागजान. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात, डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या आणि मागुरी-मोटापुंग बील या पाणथळ जागेच्या शेजारी, ऑइल इंडियाची विहीर २७ मे २०२० ला फुटली. ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी गेले, हजारो लोकांना घरे सोडावी लागली. आग पूर्ण विझली नोव्हेंबरच्या मध्याला. तिथे नवी खोदाई नव्हती, चालू विहिरीवर दुरुस्तीचे काम होते. राष्ट्रीय हरित लवादाच्या समितीचा ठपका थोडक्यात असा, की दुसरा सुरक्षा अडथळा पक्का आहे आणि तपासलेला आहे याची खात्री न करता बीओपी काढण्यासारखे काम केले गेले आणि त्याचे गांभीर्य ओळखले गेले नाही. मॅकोंडो दहा वर्षे जुने झाले होते. त्याच्यावर सिनेमाही येऊन गेला होता.

आता आपल्या दारात येऊ. मुंबई हायमध्ये ‘सागर सम्राट’ने तेल शोधले ते १९७४ मध्ये, उत्पादन सुरू झाले १९७६ च्या मे महिन्यात. पन्नास वर्षांच्या या क्षेत्रातल्या जुन्या विहिरी आज ना उद्या बंद करायच्या आहेत, आणि त्याच वेळी उत्पादन वाढवायला नव्या खोदायच्याही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने याच क्षेत्रासाठी तांत्रिक मदतनीस म्हणून बीपीची निवड केली. यात वाईट काही नाही. मॅकोंडोनंतर त्यांनी सिमेंटच्या चाचण्यांबाबत घरात काय बदलले, ते कराराचा भाग म्हणून विचारून घ्यावे, इतकी महाग शिकवणी दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाही.

विहीर बंद करतानाचे सिमेंट खोदाईतल्या सिमेंटपेक्षा अवघड असते, हे आपल्या लेखकाच्या लक्षात आले नसावे. नव्या विहिरीत काही चुकले तर लोक तिथेच असतात, दुरुस्ती करता येते. बंद केलेल्या विहिरीवरून रिग निघून जाते. केसिंग पन्नास वर्षे खाऱ्या पाण्यात गंजलेले, बाहेरचे मूळ सिमेंट कुठे आहे आणि कुठे नाही याच्या नोंदी कागदी. सिमेंटचा वरचा प्लग, म्हणजे बूच, टाकला, त्यावर वजन टेकवून पाहिले की निघाले. आणि या कामातून तेलाचा एक थेंब मिळणार नसल्याने घाई दुप्पट असते. खर्चाची तरतूद नाही असेही नाही. क्षेत्र पूर्ववत करण्यासाठी पैसे बाजूला ठेवण्याची योजना सरकारने १९९९ मध्येच केली आहे.

नियम नाहीत असेही कुणी म्हणू नये. समुद्रातल्या कामांच्या सुरक्षिततेचे २००८ चे नियम आहेत, तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे, सिमेंटिंगसाठी त्यांचे स्वतंत्र मानक आहे. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षा-प्रशिक्षण संस्था आहे, तिथे हेलिकॉप्टर पाण्यात पडले तर बाहेर कसे यायचे ते शिकवतात, आणि चांगले शिकवतात. मला हवी आहे ती गोष्ट साधी आणि कुणालाच न आवडणारी. प्रत्यक्ष पाठवलेल्या मालावरची चाचणी पुरी होऊन अहवाल रिगवर पोचल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, आणि हे थांबवण्याचा अधिकार प्रयोगशाळेच्या सहीला द्यायचा. आज सही आमची असते आणि निर्णय रिगचे भाडे भरणाऱ्याचा. सेवा देणाऱ्या कंपनीची केमिस्ट तिच्याच ग्राहकाला ‘थांबा’ कसे सांगणार? सांगते, पण हळू आवाजात, आणि पुढच्या कंत्राटाच्या वेळी ते कुणीतरी लक्षात ठेवलेले असते. म्हणून ही तरतूद कंपनीच्या मर्जीवर नको, नियमात हवी.

दुसरे, बंद केलेल्या प्रत्येक विहिरीचा सिमेंटचा कागद खुला करा. कुठल्या खोलीवर किती लांबीचा प्लग, कोणती स्लरी, किती तास थांबले, दाबाची चाचणी किती, बाँड लॉग कसा. नॉर्वेत विहिरींची बरीचशी माहिती कुणालाही सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याकडे हायड्रोकार्बन महासंचालनालयाचे नॅशनल डेटा रिपॉझिटरी आहे, २०१७ पासून. तिथली माहिती तेल शोधू पाहणाऱ्या कंपन्यांसाठी मांडलेली आहे. तेल काढून झाल्यावर मागे काय ठेवले, याचाही एक रकाना तिथे सहज मावेल. रसायनांची व्यापारी गुपिते उघडी पडतील ही सबब मी नोकरीत असताना खूप ऐकली. कुठल्या ब्रँडचा रिटार्डर किती टक्के, हे नका सांगू. तो किती तास टिकला आणि सिमेंट किती ताकदीचे झाले, यात गुपित काही नाही.

काही जुने सहकारी हे वाचून म्हणतील, की बाईंना आता वेळ आहे. आहे खरा. रिगवर एकेका तासाचे मोल काय असते हे मला ठाऊक आहे, उगाच थांबवणाऱ्या केमिस्टही मी पाहिल्या आहेत. पण सिमेंट घट्ट व्हायला त्याला लागतो तेवढाच वेळ लागतो आणि तो रसायनांनी ठरतो, कंत्राटाने नाही.

संपादक महाशय, खोदाईच्या विक्रमावर पुढचा लेख येईलच. तेव्हा आपल्या वार्ताहराने पत्रकार परिषदेत दोनच प्रश्न विचारावेत. शेवटच्या केसिंगचे सिमेंट पंप केल्यापासून पुढचे काम सुरू होईपर्यंत किती तास गेले? आणि प्रयोगशाळेचा अहवाल कुठल्या तारखेचा, किती वाजताचा होता? उत्तर मिळाले तर दिवसांच्या आकड्याशेजारी तेही छापा. नाही मिळाले तर मिळाले नाही असे छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त सिमेंट-रसायनतज्ज्ञ, नवीन पनवेल
(नाव छापू नये ही विनंती.)